बंद ब्लॉकची मालकीण

घरमालकांचं कौतुक मला सांगू नका. पस्तीस वर्षं मी त्यांच्या दारात माशांची टोपली उतरवतेय. वरून एक वयनी गॅलरीत येणार, नाकाला पदर लावणार आणि विचारणार, "ताजे आहेत ना गं?" अगं बाई, पहाटे समुद्रात होते, आता तुझ्या दारात हायत, अजून काय जन्माचा दाखला आणून देऊ? बोईसरच्या बिल्डिंगीत कोणाच्या घरात काय शिजतं, कोण कोणापासून लपवून काय खातं, सगळं मला ठाऊक. मी नलू, शिरगावची. सकाळी रिक्षानं पालघर, तिथून बोईसर, आणि दुपारी टोपली रिकामी करून परत. शिकलेली नाय, पण माणूस दारातच ओळखते.

आमचा पण बोईसरला एक ब्लॉक हाय. आधीच सांगून टाकते, नायतर मागाहून बोलाल, नलूनं लपवलं. माझा मुलगा प्रदीप तारापूरच्या एका कंपनीत ऑपरेटर हाय, त्यानं दोन वर्षांमागं घेतला. नाव माझं घातलं, कारण बाईच्या नावावर घेतला की सरकारी फी कमी लागते. चौथा मजला, लिफ्ट हाय, आणि लिफ्टपाशी बोर्ड लावलाय, "मच्छीची टोपली आत नेऊ नये." म्हंजे मालकीण मी आणि टोपली माझी गेटच्या बाहेर. वास्तुशांतीला गेले तेवढीच. तेव्हापासून दाराला कुलूप. मी कधी त्याला माझा म्हटलाच नाय, तो प्रदीपचा. त्याचा इथं काय संबंध नाय, असं मला तेव्हा वाटत होतं.

गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी हेमाली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बाजारात, भर गिऱ्हाइकीत, पाठीला दप्तर आणि हातात कपड्यांची पिशवी. "नलूमावशी, माझं हॉस्टेलला नाव नाय लागलं."

हेमाली ही लाडकीची मुलगी. लाडकी राहते विक्रमगडच्या पुढं, डोंगरातल्या पाड्यावर. आमची ओळख सुक्या मासळीची. दर मे महिन्यात आमी शिरगावच्या बाया जवळा, सुकट, सुके बोंबील गोणीत भरून डोंगरात जातो. तिकडचे लोक पावसाच्या आधी घरात सुकं भरून ठेवतात, आणि बदल्यात आमाला तांदूळ देतात, नागली देतात. बावीस वर्षं झाली, मी लाडकीच्या ओट्यावर गोणी उतरवते. एक दिवस, दोन दिवस, कधी तीन. ती चटई टाकते, भाकर टाकते, न्हायला पाणी तापवते. हेमाली पाळण्यात होती तेव्हा तिला मी माझ्या हातांनी झोका दिलाय.

तर ही हेमाली पाड्यावरची पहिली पोरगी बारावी सायन्स पास झाली. नर्सिंगला नंबर लागला, कॉलेज पालघर-बोईसर रस्त्यावर. हॉस्टेल सरकारी, त्याच्या यादीत नाव नाय. पण सरकार मोठं दयाळू! ज्याला हॉस्टेल नाय मिळालं त्याला खोलीचं भाडं सरकार देतं. फक्त खोली कॉलेजपासून पाच किलोमीटरच्या आत पायजे, मालकाचं लाइट बिल पायजे, घरपट्टीची पावती पायजे, आणि नोंदणी केलेला भाडेकरार पायजे. सगळे कागद शुक्रवारी पाचच्या आत. आज होता सोमवार.

"मग नाय जमलं तर?" मी विचारलं.

"मग रोज घरून यायचं. पहिली एसटी पोचते तेव्हा कॉलेजचे दोन तास होऊन जातात. सर बोलले, हजेरी कमी पडली तर नाव काढतील." आणि खाली बघून बोलली, "नाव काढलं तर दिवाळीनंतर दादाबरोबर वीटभट्टीवर जायला लागंल."

झालं. मी टोपलीवर फडकं टाकलं आणि बोलले, "रडू नको. अख्खं बोईसर मला ओळखतं. शुक्रवारपर्यंत खोली नाय मिळाली तर मी नावाची नलू नाय." तिला रात्रीचं माझ्या घरी शिरगावला आणलं. शिरगाव पाच किलोमीटरच्या बाहेर, म्हणून माझं घर कागदाला चालत नव्हतं. ते मी भाडं देणाऱ्या सरकारी ऑफिसात विचारून आले होते. काचेमागं बसलेला बाबू मान वर न करता बोलला, "खोली दाखवा, भाडं देऊ." घरमालक बोलतात, भाडं दाखवा, खोली देऊ. दोघांच्या मधे पोरगी पिशवी घेऊन उभी, आणि दोघांना वाटतं आपण केवढे नियमाचे!

मंगळवारी आमी गोमाकडं गेलो. गोमा माझ्या ओळखीचा, अगदी भात लावायचा तेव्हापासून. मग कंपन्या आल्या, त्यानं शेतात पत्र्याच्या चौदा खोल्या टाकल्या, आणि कंपनीतले परप्रांतीय कामगार एकेका खोलीत आठ-आठ भरले. आता गळ्यात साखळी आणि पायात पांढरे बूट. पूर्वी मला "नलूताय, दोन बोंबील जास्त टाक ना" बोलणारा माणूस खुर्चीवरून उठला पण नाय.

"रूम हाय की. उद्यापासून राहा," तो बोलला. "कागद मात्र मागू नको. कागद दिला की खोली गेली."

"तुझी पत्र्याची खोली घेऊन कोण पळणार हाय, गोमा?" मी बोलले. "जोराचा वारा आला तर तुझा पत्राच आधी पळतो."

"नलूताय, ही लोकं एकदा घुसली की निघत नायत."

ही लोकं! हा स्वतः कोण? ह्याचा बाप लाडकीच्या बापाबरोबर एका बांधावर बसून ताडी प्यायचा. चार पैसे आले आणि हा एकदम त्या पारचा झाला. मी तिथंच थुंकणार होते, पण पोरगी बरोबर होती म्हणून तिला घेऊन निघाले.

बुधवारी मिथुनचं ऑफिस. मिथुन दलाल, काचेचं दार, आत एसी, टेबलावर प्लास्टिकची फुलं. त्याला मी सगळं सांगितलं, तर तो हसायला लागला. "मावशी, खोली कशाला शोधता? कागद घ्या. कागद मी आजच देतो, लाइट बिलासकट. राहायचं तुमी कुठंही राहा. सरकार महिन्याला जे टाकेल त्यातलं अर्धं माझं."

"आणि असे किती कागद दिलेस?"

"तेवीस मुली आहेत एका पत्त्यावर," तो छाती फुगवून बोलला, जसं काय यानं तेवीस पोरींची लग्नं लावून दिली.

"एका खोलीत तेवीस? मग झोपतात कधी, पाळीपाळीनं?"

त्याला राग नाय आला. अशा लोकांना राग येत नाय, कातडी जाड असते. हेमालीनं माझा हात ओढला. बाहेर आल्यावर बोलली, "मावशी, हे पकडलं गेलं तर माझं नाव जाईल, त्याचं नाय." पोरगी हुशार हाय. मला तर एकदा वाटलं होतं की घेऊन टाकावा कागद आणि काम संपवावं. ती नको बोलली म्हणून थांबले, नायतर मी पण त्या बाजारात बसलेच असते.

त्या दिवशी परत येताना आमची रिक्षा आमच्याच बिल्डिंगीवरून गेली. चौथ्या मजल्याच्या खिडक्या बंद होत्या, काचेवर धूळ. मी मान फिरवली. हेमालीनं विचारलं, "मावशी, इथं कोण राहतं?" मी बोलले, "मोठे लोक राहतात, आपल्याला नाय परवडायचं." हे माझ्या तोंडून गेलं, आणि मला त्याचं काय वाटलं पण नाय.

गुरुवारी माझा हुकमी पत्ता होता, दर्पणशेट. त्यांची बिल्डिंग स्टेशनजवळ, ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, आणि तळमजल्याला त्यांचाच एक ब्लॉक रिकामा. दारावर पितळी पाटी, "फक्त शाकाहारी." आता ऐका. ह्या शाकाहारी दाराच्या मागच्या बाजूला स्वयंपाकघराची गॅलरी हाय, आणि तिथून दर बुधवारी त्यांची बायको स्नेहावयनी दोरीनं पिशवी खाली सोडते. मी त्यात बोंबील टाकते, कोलंबी टाकते, साफ करून, डोकी काढून. श्रावणात पण पिशवी खाली आली होती, मी काय विचारलं नाय. गिऱ्हाइकाचं गुपित म्हंजे आमच्या धंद्याची अब्रू असते. पण पोरीसाठी वेळ आली तर ते गुपित मी कामाला लावणार होते.

त्या दिवशी सकाळच्या एसटीनं लाडकी पण आली. बोलली, "पोरीची खोली बघते, मालकाला भेटते." नवं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून आली होती, आणि बगलेत कापडी पिशवी घट्ट धरलेली. पिशवीत काय हाय ते मी घाईत विचारलं नाय. तिथंच माझं चुकलं.

दार दर्पणशेटनी उघडलं. आमाला आत घेतलं पण सोफ्यावर बसा बोलले नायत, आमी लादीवर बसलो. मग चौकशी सुरू. गाव कुठलं? वडील काय करतात? रात्री किती वाजता येणार? मित्र-बित्र नाहीत ना? आडनाव ऐकलं आणि बोलले, "नाही, म्हणजे आमचं काही नाही हो. आम्ही असलं काही मानत नाही. पण सोसायटीतले लोक असतात ना." हे सोसायटीतले लोक कोण, ते मला आजपर्यंत कुठल्या मजल्यावर दिसलेले नायत. प्रत्येक मालक बोलतो, मी चांगला, बाकीचे वाईट.

"नॉनव्हेज खाता का?" त्यांनी विचारलं.

हेमालीला खोटं येत नाय. "सुकट खातो," ती बोलली.

दर्पणशेटचा चेहरा आंबट झाला. लाडकीला वाटलं, बोलणं अडलं, आता आपण काहीतरी करायला पायजे. डोंगरात कोणाच्या घरी मोठ्या कामाला जायचं तर रिकाम्या हातानं जात नाय. तिनं पिशवी उघडली आणि आतून एक कोंबडी काढून त्या चकचकीत लादीवर ठेवली. पाय बांधलेली, तांबडी, चांगली जड कोंबडी.

"घ्या दादा," लाडकी बोलली. "घरची हाय."

कोंबडीनं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं बघितलं, आणि लादीवर आपलं काम करून मोकळी झाली.

आई गं! एवढा अंगानं भरलेला माणूस, पण सोफ्यावर उडी मारून उभा राहिला. "उचला! उचला ते! बाहेर काढा!" लाडकी बिचारी गोंधळली. तिला वाटलं मालकाला कोंबडी कमी पडली. हात जोडून बोलली, "लहान वाटली का दादा? घरी याच्याहून मोठी हाय. उद्या ती आणते."

मला हसू पण आलं आणि डोकं पण फिरलं. मी बोलले, "दर्पणशेट, उतरा खाली. कोंबडीला एवढं भिता, आणि दर बुधवारी मागच्या गॅलरीतनं दोरीला बांधून वर येतं, ते काय दुधी भोपळा असतो?"

दर्पणशेट बायकोकडं बघायला लागले. त्यांना ठाऊक नव्हतं असं काय नाय, ताटात आलेलं कुठनं आलं ते माणसाला कळतं. पण परक्या माणसासमोर कोणी बोललं नव्हतं. स्नेहावयनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, लाल झाली, आणि मग हळू आवाजात बोलली.

"नलूताई, आम्हाला कशाला बोलता? तुमचा स्वतःचा ब्लॉक आहे ना पलीकडच्या बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर? दोन वर्षं बंद आहे. तुमचा प्रदीपच यांना सांगत होता, भाड्याने देणार नाही, वापरला की किंमत उतरते म्हणून. तुम्ही का नाही देत हिला?"

चार दिवस मी ज्यांना ज्यांना शिव्या घातल्या ते सगळे माझ्यासमोर रांगेत उभे राहिले, आणि रांगेत शेवटी मी.

लाडकीनं माझ्याकडं बघितलं नाय. तिनं कोंबडी उचलली, पिशवीत घातली, आणि आपल्या नव्या लुगड्याच्या पदरानं ती लादी स्वच्छ पुसली. दर्पणशेट अजून सोफ्यावरच उभे. मग आमी तिघी जिना उतरलो.

गेटवर वॉचमन मागून पळत आला. "मौसी, रुको! तीसरे माले की भाभी पूछ रही है, मुर्गी बेचनी है क्या?"

"तिला सांग," मी बोलले, "आधी दारावरची पाटी विक."

स्टँडवर एसटीला अर्धा तास होता. मला वाटलं आता लाडकी बोलेल. बोलायलाच पायजे होती ती. मी असते तर दगड मारला असता. पण ती बाकावर बसून कोंबडीच्या पायाची दोरी सैल करत होती. शेवटी मलाच राहवेना.

"लाडके, तो ब्लॉक प्रदीपचा गं. नाव नुसतं माझं. मला त्यातलं काय कळत नाय..."

"असंल बाय तुझी अडचण," ती बोलली. "पोराचं घर म्हंजे पोराचं. तू काय करशील?"

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. तिनं खरंच तसं मानलं होतं, तिच्या डोळ्यांत दुसरं काय नव्हतं. हेमाली मात्र माझ्याकडं बघत नव्हती. तिला बुधवारची रिक्षा आठवत असणार.

एसटी लागली. हेमाली कपड्यांची पिशवी घेऊन चढली, तीच पिशवी जी सोमवारी आणली होती. लाडकी पायरीवर चढली, परत उतरली, आणि कोंबडी माझ्या हातात दिली.

"घे बाय. चार दिस आमच्यापायी हिंडलीस, धंदा पण बुडाला तुझा. रिकाम्या हातानं नको जाऊ."

मी घेतली. नको बोलायला पायजे होतं, पण हात पुढं झाला आणि घेतली. बावीस वर्षांची सवय, दुसरं काय? एसटी गेली आणि मी भर स्टँडवर कोंबडी धरून उभी राहिले. लोक बघत होते. मला स्वतःची एवढी किळस आली, एवढी किळस मला सडक्या मासळीची पण कधी आली नाय.

घरी पोचले तेव्हा प्रदीप ड्यूटीवरून येऊन चहा पीत होता. मी कोंबडी पडवीला बांधली आणि बोलले, "ब्लॉकची चावी दे."

त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग चिडला. "आई, डोकं ठिकाणावर हाय ना? कागद दिला की ब्लॉक गेला."

ह्याच्या तोंडून गोमा बोलला.

"आणि त्या लोकांचं काय सांगता येतं? एकदा घुसले की..."

परत गोमा.

"सोसायटीतले लोक काय बोलतील? मी काय असलं मानत नाय, पण..."

आता दर्पणशेट. माझ्याच पोटातनं, माझ्याच घरात, माझ्याच कपातला चहा पिऊन! परक्यानं बोललं की घाण वाटते, आणि हे माझं औषधपाणी करून वाढवलेलं पोर अगदी तेच, त्याच आवाजात बोलत होतं. मी ते दोन वर्षं ऐकत आले होते आणि मला कधी घाण वाटली नव्हती.

"कुठली लोकं रे?" मी बोलले. "तू पाचवीत होतास तेव्हा पावसाळाभर आपण ज्यांचा तांदूळ खाल्ला, ती लोकं? बाप गेला त्या वर्षी लाडकीनं सुकं न घेता दोन पायली जास्त घातले होते. ते तुझ्या पोटात गेलं तेव्हा किंमत उतरली नाय ना तुझी?"

"तो ब्लॉक माझ्या पगाराचा हाय, आई."

"पगार तुझा, नाव माझं. फी वाचवायला आई मालकीण, आणि दार उघडायला आई कोण? सही माझी लागते, आणि मी देणार हाय. चावी दे, नायतर उद्या कुलूप फोडते. माझ्या कोयत्याला काय कठीण नाय."

त्यानं चावी जमिनीवर टाकली. मी वाकून उचलली. वाकायची मला सवय हाय.

शुक्रवारी पहाटेपासून हेमालीचा फोन लावला. पाड्यावर रेंज नाय, टेकडीवर चढलं तरच लागतो. साडेसातला ती कशाला तरी टेकडीवर गेली आणि फोन लागला. "कशी हायस तशी ये," मी बोलले. साडेअकराला ती बोईसरला उतरली. तोवर मी प्रदीपच्या कपाटातनं घरपट्टीची पावती काढली होती. लाइट बिल तर होतंच. बंद घराला पण बिल येतं, दर महिन्याला येत होतं आणि आमी मुकाट भरत होतो. करार नोंदवणारा माणूस मशीन घेऊन ब्लॉकवरच आला. साक्षीला बाजारातल्या पारूला आणि तिच्या नवऱ्याला आणलं. पारू बाजारातनं उठून तशीच आली, टोपली घेऊन. मी बोर्डाकडं बघितलं आणि बोलले, "आण वर." टोपली लिफ्टनं चौथ्या मजल्यावर गेली. सेक्रेटरी आला भांडायला, मी बोलले, "मी मालकीण हाय, बोर्ड तुमी मला विचारून लावला नव्हता."

मग अंगठा. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. परत ठेवला, लाल दिवा. पस्तीस वर्षं कोलंबी सोलून, मासे कापून माझ्या बोटांच्या रेघाच गेल्यात. तो माणूस एकेक बोट ठेवत गेला. उजव्या हाताची पाच गेली, डाव्या हाताची चार गेली. घड्याळात तीन वाजून गेले. हेमाली भिंतीला टेकून उभी होती, ओठ चावत. आयुष्यात पहिल्यांदा मालकीण व्हायला निघाले तर मशीन बोलतं, ही बाई कोणच नाय! शेवटी डाव्या हाताची करंगळी राहिली होती. ती विळीला कधी लागत नाय. पदराला पुसून ठेवली आणि हिरवा दिवा लागला.

छापलेला करार दुसऱ्या दिवशी मिळणार होता, हातात नुसती नोंदणीची पावती आली. ऑफिसात पोचलो तेव्हा पाचला दहा कमी. बाबूनं पावती उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. पावती चालत नाय असं कुठं लिहिलंय का, ते पुस्तकात शोधलं. नाय सापडलं. मग माझ्यावर उपकार केल्यासारखं तोंड करून शिक्का मारला.

सरकारचं भाडं आलं फेब्रुवारीत. तोवर पोरीची पहिली परीक्षा होऊन गेली होती, पास पण झाली. प्रदीप महिनाभर माझ्याशी बोलला नाय. आता कंपनीत सगळ्यांना सांगतो, "आम्ही एका आदिवासी मुलीला आधार दिलाय." ऐकलं की मला पायातली चप्पल हातात घ्यावीशी वाटते. स्नेहावयनीची पिशवी अजून बुधवारी खाली येते, मी अजून साफ करून बोंबील टाकते. ती वरून काय बोलत नाय, मी खालून काय बोलत नाय. आता मला तिला नावं ठेवायला तोंड नाय. कोंबडी आमच्या पडवीत हाय, अंडी देते. प्रदीपनं दोनदा रस्सा कर म्हणून सांगितलं. मी त्याला अंडं पण दिलं नाय.

मे महिन्यात मी नेहमीसारखी गोणी घेऊन पाड्यावर गेले. ऊन उतरलं होतं. लाडकी ओटा सारवून हात धूत होती. मला बघून तिनं भिंतीला गुंडाळून ठेवलेली चटई काढली. बावीस वर्षं तिनं ती चटई टाकली की मी न विचारता धपकन बसायचे, पाय पसरायचे आणि पाणी मागायचे. या वेळेला मी गोणी अंगणातच ठेवली आणि उभी राहिले.

"लाडके," मी बोलले, "दोन दिवस राहू का तुझ्याकडं?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. तिला वाटलं मला ऊन लागलं. "आज असं काय इचारतेस, बाय?" ती बोलली, आणि चटई झटकून ओट्यावर टाकली.